मंद वाऱ्याची शाळा

पोहणें पुस्तक वाचून येत नाहीं व सायकल व्याख्यान ऐकून येत नाहीं, ही गोष्ट आपण सर्वच जाणतों. परंतु जी विद्या शरीराला शिकवावयाची ती लहानपणींच शिकली पाहिजे, साठी गांठलेल्या गृहस्थानें तिच्या वाटेस जाऊं नये, असाहि एक समज आपल्या घरांतून पक्का होऊन बसला आहे. ह्या समजास धक्का देण्याचा हेतु मनांत धरून आम्ही समुद्रावर गेलों होतों, असें मात्र कोणी मानूं नये. आम्ही गेलों तें केवळ सोबतीला. आमच्या पुतणीनें महाविद्यालयाच्या हिंवाळी सुटींत गोव्यास जाऊन विंडसर्फिंग शिकण्याचा हट्ट धरला. वडील मंडळींनीं 'एकटी नको' म्हणून सांगितलें. आणि सेवानिवृत्तीमुळें ज्यांच्यापाशीं मोकळा वेळ आहे असे घरांत आम्हीच असल्यामुळें ही कामगिरी आमच्याकडे आली. दोन दिवस आम्ही वाळूंत छत्री रोवून वर्तमानपत्र वाचीत बसलों. तिसऱ्या दिवशीं आम्हीहि पाण्यांत उतरलों. पुढील आठ-दहा दिवसांत जें कळलें त्यांत सांगण्याजोगें बरेंच आहे. आणि एक गोष्ट तर अशी आहे कीं, आपल्या मुलामुलींना समुद्रावर पाठविणाऱ्या प्रत्येक घरानें ती ऐकून ठेवावी. म्हणून हा लेख.

हा खेळ ज्यांनीं पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडें वर्णन. एका रुंद व लांबट फळीवर डोलकाठी बसविलेली असते. डोलकाठीला त्रिकोणी शीड, आणि शिडाला दोन्ही अंगांनीं वेढणारी एक आडवी, वांकदार दांडी. हिला बूम म्हणतात. खेळणारा फळीवर उभा राहून ही बूम हातांनीं धरतो. नावेची डोलकाठी नावेंत घट्ट रोवलेली असते. येथें मात्र ती तळाशीं अशा एका लवचिक सांध्यावर बसविलेली असते कीं, ती पुढें, मागें, डावीकडे, उजवीकडे, हवी तिकडे कलते आणि स्वतःभोंवतीं फिरतेहि. सोडून दिली कीं ती शीड घेऊन पाण्यावर आडवी होते. तिला उभें ठेवणारा दुसरा कोणी नाहीं. माणूस हाच तिचा आधार. आणि शिडांत वारा भरला म्हणजे तीच माणसाचा आधार.

ह्या युक्तीचा जन्म कोठें झाला ह्याविषयीं बराच वाद झालेला आहे. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतांत न्यूमन डार्बी ह्या गृहस्थांनीं १९६४ सालीं हातानें धरावयाच्या शिडाची एक फळी तयार केली. तिचें शीड त्यांच्या पत्नी नेओमी ह्यांनीं शिवलें होतें. पुढें कॅलिफोर्नियांत जिम ड्रेक हे विमानविद्येचे अभियंते व त्यांचे स्नेही हॉइल श्वाइट्झर ह्यांनीं १९६७-६८ च्या सुमारास तिला आजचें रूप दिलें आणि पेटंट घेतलें. परंतु इंग्लंडांत ह्या पेटंटावर खटला झाला, तेव्हां असें सिद्ध झालें कीं, पीटर चिल्व्हर्स नांवाचा बारा वर्षांचा मुलगा १९५८ सालींच हेलिंग बेटाच्या किनाऱ्यावर अशीच एक घरगुती फळी वाऱ्यावर चालवीत होता. तेथील अपील न्यायालयानें तें पेटंट रद्द ठरविलें. बारा वर्षांच्या पोराचा खेळ मोठ्या कंपनीच्या हक्काला पुरून उरला! पुरुषांच्या शर्यती ऑलिंपिकमध्यें १९८४ पासून आणि स्त्रियांच्या १९९२ पासून सुरू झाल्या. हाँगकाँगला ऑलिंपिकचें पहिलें सुवर्णपदक १९९६ सालीं ली लाइ-शान ह्या तरुणीनें मिळवून दिलें, तें ह्याच खेळांत. आपल्या देशाच्या ईबाद अली ह्यांनीं २०२३ सालीं चीनमध्यें भरलेल्या आशियाई क्रीडासामन्यांत ह्या खेळाचें कांस्यपदक मिळविलें. तेव्हां हा खेळ परकीयांचा आणि आपण नुसते प्रेक्षक, असें आतां राहिलेलें नाहीं.

आमची शाळा पणजीच्या दक्षिणेस करंझाळ्याच्या किनाऱ्यावर भरत असे. हा किनारा पश्चिमाभिमुख आहे. समुद्राकडे तोंड करून उभें राहिलें कीं उजव्या हाताला दूरवर आग्वादचा किल्ला आणि डाव्या हाताला काबोचें भूशिर दिसतें. मागें माडांची रांग. आमचे शिक्षक वयानें आमच्या चिरंजीवांहूनहि लहान होते. ते आम्हांस 'काका' म्हणत आणि आम्ही त्यांस 'गुरुजी' म्हणत असूं. प्रथम चेष्टेनें, पुढें खरोखरच.

गुरुजींनीं पहिल्या दिवशीं फळीला हातहि लावूं दिला नाहीं. त्यांनीं आम्हांस वाऱ्याकडे पाहावयास शिकविलें. वाऱ्याचा वेग मोजण्याचें यंत्र नसलें तरी कांहीं अडत नाहीं. ब्यूफर्ट ह्या नौकाधिपतीनें १८०५ सालीं वाऱ्याच्या पायऱ्या ठरवून ठेवल्या. त्या पायऱ्या जमिनीवरच्या खुणांनींहि ओळखतां येतात. धूर सरळ वर न जातां एका बाजूस कलतो, पण चेहऱ्याला वारा जाणवत नाहीं, ती पहिली पायरी. चेहऱ्याला जाणवतो व पानें सळसळतात, ती दुसरी. हिचा वेग तासाला सहा ते अकरा किलोमीटर. पानें व बारीक डहाळ्या सारख्या हालूं लागतात आणि लहान निशाण फडकतें, ती तिसरी. वेग बारा ते एकोणीस किलोमीटर. धूळ व कागद उडूं लागले कीं चौथी. नवशिक्यानें दुसरी पायरी व तिसरीची सुरुवात एवढ्यांतच राहावें. कारण असें कीं, वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे शिडावरील जोर दुप्पट होत नाहीं, तर चौपट होतो. जो वारा दहा किलोमीटर वेगानें वाहतांना हातांत मांजरासारखा बसतो, तोच वीस किलोमीटरचा झाला कीं बैलासारखा ओढूं लागतो.

मंद वाऱ्याचा गुण एवढाच नाहीं कीं तो जोर कमी लावतो. तो चूक करावयास वेळ देतो आणि चूक झालेली पाहावयासहि वेळ देतो. जोराच्या वाऱ्यांत माणूस पाण्यांत पडतो, पण कशानें पडला हें त्याला समजत नाहीं. मंद वाऱ्यांत प्रथम पाठ वांकते, मग शीड एका बाजूस झुकतें, मग फळी वळूं लागते, आणि नंतर कोठें मनुष्य पडतो. ह्या सर्व पायऱ्या मोजतां येतात आणि पुढच्या वेळीं त्यांतील पहिलीच टाळतां येते. आमच्या पिढीनें ज्या गुरुजींपाशीं पाढे पाठ केले ते रागीट असत व लगेच छडी उगारीत. मंद वारा हा दुसऱ्या जातीचा गुरु; तो चुकलेलें गणित शेवटपर्यंत सोडवूं देतो आणि मग विचारतो, 'कोठें चुकलें तें सांग पाहूं?'

आतां साधनांविषयीं. नवशिक्याची फळी रुंद व जाड हवी. ऐंशी सेंटीमीटरांहून कमी रुंदीची घेऊं नये. तिचें माप लिटरमध्यें सांगतात. आमची फळी सुमारें दोनशें लिटरची होती. म्हणजे ती पूर्ण बुडाली तर दोनशें लिटर पाणी बाजूस सारील, आणि तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका, दोनशें किलोचा, भार तरतां ठेवील. सत्तर किलोचा मनुष्य, फळी व शीड मिळून भार शंभर किलोच्या आसपास भरतो. तेव्हां निम्मी शक्ति शिल्लक राहते. ही शिल्लक हेंच नवशिक्याचें भांडवल. शीड चार-पांच चौरस मीटरांचें पुरे. फळीच्या मधोमध एक उभें पातें पाण्यांत खालीं सोडलेलें असतें. तें फळीला आडवें वाहूं देत नाहीं. मागें माशाच्या परासारखें एक लहान पातें असतें, त्यानें फळी सरळ जाते. अंगांत तरता जाकीट आणि पायांत जोडे ह्यांवांचून पाण्यांत जाऊं नये. खडकांवरच्या कालवांची धार वस्तऱ्यासारखी असते.

पहिला धडा शीड उचलण्याचा. फळी वाऱ्याला आडवी करावयाची आणि शीड वाऱ्याच्या पलीकडच्या अंगास पाण्यावर पडलेलें ठेवावयाचें. म्हणजे आपली पाठ वाऱ्याकडे येते. डोलकाठीच्या दोहों बाजूंस एकेक पाय ठेवून उभें राहावें, शिडाची दोरी हातांत घ्यावी, गुडघे वांकवावे, पाठ ताठ ठेवावी आणि हातांनीं न ओढतां अंगाचा भार मागें टाकून पायांनीं उठावें. शिडावरचें पाणी ओघळून जाईपर्यंत तें जड असतें; म्हणून घाई करूं नये. पाणी निथळलें कीं शीड आपोआप हलकें होतें. आम्हीं पहिल्या दिवशीं विहिरींतून घागर ओढावी तसें शीड कमरेंतून ओढलें आणि रात्रीं कमरेला तेल चोळून घेण्याची पाळी आली. आमच्या पुतणीनें तें दोन प्रयत्नांत साधलें. ज्यांच्या अंगांत बळ आहे असे पुरुष येथें अधिक चुकतात, कारण ते बळावर विसंबतात. ज्यांना बळाचा भरंवसा नाहीं ते तोल शोधतात.

शीड उभें राहिलें कीं त्यांत वारा भरण्यापूर्वीं थोडा वेळ तसेंच स्थिर राहावें. शीड निशाणासारखें फडफडत असतें. त्याचें मोकळें टोक वारा कोणीकडे जात आहे तें दाखवितें. ह्या स्थितींत राहूनच फळी वळवितां येते. डोलकाठी फळीच्या पुढच्या टोकाकडे कलवली कीं टोक वाऱ्यापासून दूर वळतें; मागच्या टोकाकडे कलवली कीं तें वाऱ्याच्या तोंडाकडे वळतें. ह्या फळीला सुकाणूं नसतें, ह्याचें रहस्य हेंच. खालचें पातें हा जणुं दाराचा खिळा. वाऱ्याचा जोर त्या खिळ्याच्या पुढें पडला कीं फळीचें तोंड एकीकडे फिरतें, मागें पडला कीं दुसरीकडे.

नंतर निघावयाचें. पुढच्या हातानें बूम धरावी, डोलकाठी आपल्या अंगाजवळून वाऱ्याच्या बाजूला आणावी. एका ठिकाणीं ती अगदीं निर्भार झाल्यासारखी वाटते. ती जागा सांपडली कीं मागचा हात बूमवर ठेवावा आणि दार हलकेंच लोटून घ्यावें तसें शीड जवळ घ्यावें. येथेंच सर्वजण चुकतात. वारा मंद आहे, वेग येत नाहीं, म्हणून मनुष्य शीड आणखी ओढतो, आणि मग जो थोडा वेग असतो तोहि जातो. कारण शिडाच्या दोन्ही अंगांनीं जी हवा सरळ वाहावयास हवी ती तुटते. मंद वाऱ्यांत शीड किंचित् सैलच ठेवावें लागतें. फडफड थांबेल इतकेंच घ्यावें. त्याहून रेंसभरहि अधिक नको. आणि तोल जाऊं लागला तर? मागचा हात सोडावा. शीड दारासारखें उघडतें, वारा निघून जातो आणि मनुष्य उभा राहतो. 'काका, सोडा! सोडा!' हे गुरुजींचे शब्द आमच्या कानांत अजून घुमत आहेत. हातांतील वस्तु निसटूं लागली कीं ती अधिक घट्ट धरावी, हा आमच्या हातांना साठ वर्षांचा सराव. तो मोडावयास आम्हांस चार दिवस लागले.

दृष्टि पायांकडे नसावी. जिकडे जावयाचें तिकडे असावी. पाण्यावर जेथें वारा उतरतो तेथें बारीक सुरकुत्यांचा काळसर पट्टा दिसतो. तो आपल्याकडे सरकत येतांना पाहावा, पोंचण्यापूर्वीं गुडघे थोडे सैल करावे. पट्टा गेला, पाणी गुळगुळीत झालें, कीं स्वस्थ उभें राहावें. निर्वात क्षणीं धडपडणारा मनुष्य हमखास पडतो. पडतांना पाठीवर, पसरट पडावें. पाण्यांत उडी घेऊं नये, कारण तळ किती खोल आहे तें ठाऊक नसतें. वर येतांना एक हात डोक्यावर धरावा. शीड अंगावर आलें तर भिऊं नये; हातानें तें उचललें कीं खालीं श्वासापुरती हवा मिळते; मग एकाच दिशेनें सरकत बाहेर यावें.

वाऱ्याच्या अगदीं तोंडावर कोणतीहि शिडाची नौका जात नाहीं. वाऱ्याच्या दोहों अंगांस सुमारें पंचेचाळीस अंशांचा प्रदेश शिडाला बंद असतो. तिकडे जावयाचें असल्यास नागमोडी वाटेनें, कधीं ह्या अंगानें, कधीं त्या अंगानें, चढत जावें लागतें. नवशिक्याला हें लवकर येत नाहीं. त्याला आडव्या वाऱ्यानें जातां येतें आणि परत येतां येतें; पण प्रत्येक पडण्याबरोबर तो वाऱ्याच्या ओघांत थोडा थोडा सरकत असतो. हें वाक्य वाचकांनीं लक्षांत ठेवावें, कारण पुढील हकीकत त्यावरच आहे.

आपल्या शाळांतून भूगोल शिकलेल्या प्रत्येकाला खारे वारे व मतलई वारे हे शब्द पाठ असतात. दिवसा जमीन समुद्राहून लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून गार वारा जमिनीकडे येतो, तो खारा. रात्रीं जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, तो मतलई. पावसाळा संपला कीं आपल्या किनाऱ्यावर हा क्रम बहुतेक रोज चालतो. गुरुजी आम्हांस अकराच्या सुमारास पाण्यांत नेत. त्या वेळीं खारा वारा नुकताच सुरू झालेला असे. मंद, आणि किनाऱ्याकडे येणारा. पडलों, सरकलों, तरी वाळूकडेच सरकत होतों. तीननंतर तो वाढला कीं आमची सुटी. हा क्रम त्यांनीं कां ठेवला आहे हें आम्हांस पाठ होतें. परीक्षेंत उत्तर लिहिलें असतें तर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

सहाव्या दिवशीं सकाळीं आम्ही लवकर उठलों. साडेसातची वेळ. समुद्र आरशासारखा पडला होता. लाट म्हणून नव्हती. माडांच्या झावळ्या किंचित् हालत होत्या. इतका सौम्य वारा आम्हीं आदल्या पांच दिवसांत पाहिला नव्हता. आमच्या मनांत आलें, गुरुजी येण्यापूर्वीं एक फेरी मारून यावी. पुतणी म्हणाली, "काका, ते आल्यावर जाऊं ना." आम्हीं तिला सांगितलें, "तूं थांब. आधीं मी जाऊन येतों." वडिलकीचा हा अधिकार आम्हीं किती सहज वापरला तें आतां आठवलें म्हणजे मान खालीं जाते.

शीड भरलें आणि फळी निघाली. ना आवाज, ना हिसका. फळीखालीं पाणी कुजबुजत होतें एवढेंच. आयुष्यांत प्रथमच आम्ही वाऱ्याबरोबर चालत होतों आणि तो आनंद खरा होता, हें आजहि नाकारणार नाहीं. पांच-सात मिनिटांनीं वळावें म्हणून मागें पाहिलें, तेव्हां किनारा वाटला होता त्याहून बराच दूर होता. आणि वारा किनाऱ्यावरून आमच्या तोंडावर येत होता. जो प्रदेश शिडाला बंद, त्याच प्रदेशांत आमचें घर होतें.

आम्हीं वळण्याचा प्रयत्न केला व पडलों. शीड उचललें, पुन्हां पडलों. किनाऱ्यालगत माडांच्या व घरांच्या आडोशानें जो वारा चेहऱ्याला जेमतेम लागत होता, तो येथें उघड्यावर चांगला वाहत होता. शिवाय ओहोटी लागली होती. वारा व पाणी दोन्ही एकाच दिशेनें चाललीं होतीं, आणि ती दिशा आग्वादच्या बाहेरची होती. अर्ध्या तासांत आम्हीं तें शीड किती वेळां उचललें तें सांगतां येणार नाहीं. शेवटीं हातांची बोटें मिटेनात. माड आतां बोटाएवढे दिसत होते. त्या वेळीं मनांत जो विचार आला तो सांगणें अवश्य आहे: फळी सोडावी आणि पोहत जावें. आम्ही लहानपणीं नदींत पोहलेलों. किनारा दिसत होता. 'एवढेंच तर अंतर' असें वाटत होतें. तो विचार ऐकला असता तर हा लेख लिहावयास आम्ही राहिलों असतों कीं नाहीं, देव जाणे. पण गुरुजींचें दुसरें एक वाक्य आठवलें. पहिल्याच दिवशीं ते म्हणाले होते, "काका, शीड सोडा, बूम सोडा, लाज सोडा, फळी मात्र सोडूं नका." दमलेला मनुष्य बुडतो, फळी बुडत नाहीं. आम्हीं शीड पाण्यावर पडूं दिलें, फळीवर बसलों, आणि शिकविल्याप्रमाणें दोन्ही हात बाजूंस पसरून हळूहळू वर-खालीं करूं लागलों. मदत हवी असल्याची ती खूण आहे.

ती खूण करण्यापूर्वींच ती वाचली गेली होती. आमची पुतणी वाळूवर उभी राहून आमच्याकडे पाहत होती. दुसऱ्यांदां पडलों तेव्हांच तिच्या ध्यानांत आलें कीं आम्ही पडतों त्या जागीं उठत नाहीं. ती पाण्यांत शिरली नाहीं, हांका मारीत बसली नाहीं. किनाऱ्यावर जाळें निवडीत बसलेल्या कोळ्यांकडे धांवत गेली, आणि यंत्राची होडी निघेपर्यंत तिनें आमच्यावरची नजर काढली नाहीं. होडी आली. फळीला दोरी बांधली गेली, आम्ही आंत ओढले गेलों. म्हातारे तांडेल आमच्यावर रागावले नाहींत. आग्वादकडे पाहत ते फक्त एवढेंच म्हणाले, "सकाळचें वारें भायर व्हरता." सकाळचा वारा बाहेर नेतो.

गुरुजी किनाऱ्यावर आले होते. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहवेना. दोष त्यांचा कांहींच नव्हता. जो होता तो आमचा.

दुपारीं पुतणीनें विचारलें, "काका, घरीं सांगायचं का?" हा प्रश्न तिनें कां विचारला तें उघड होतें. सांगितलें तर तिचें शिकणें संपणार; आणि चूक तर तिची नव्हती. न सांगावें असें आम्हांसहि वाटलें, कारण नामुष्की आमची होती. पण ज्या घरानें मुलीला आमच्या भरंवशावर पाठविलें त्या घरापासून हें लपवून ठेवणें आम्हांस बरें वाटेना. रात्रीं दूरध्वनीवर आम्हीं सर्व हकीकत सांगितली. अपेक्षेप्रमाणें वडील बंधु म्हणाले, "उद्यांच्या गाडीनं दोघंही परत या." वहिनींच्या तोंडून शब्द निघेना. मग आमच्या मातोश्रींनीं यंत्र हातांत घेतलें. त्यांचें वय चौऱ्याऐंशी. माहेर गुहागरजवळ, समुद्राच्या अगदीं कांठीं. त्यांनीं प्रथम आमची प्रकृति विचारली नाहीं. त्यांनीं विचारलें, "वारा कुठला होता रे? मतलई ना?"

आम्हीं होय म्हणून सांगितलें.

"मतलईवर शिडाची होडी बाहेर जाते," त्या म्हणाल्या, "ती दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परत यायच्या बेतानं. माणसं भाकरी-पाणी घेऊन जातात. तू काय घेऊन गेला होतास?" आम्ही गप्प राहिलों. थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, "पोरीला शिकू दे. तिला वारा कळतो. तू मात्र तिला विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल घालू नकोस." घरांतला निकाल तेथेंच लागला. पुतणीनें पुढील आठवडा पुरा केला. शेवटच्या दिवशीं ती निघाल्या जागीं, पाय न भिजवितां, तीनदां परत आली. ह्या विद्येंत उत्तीर्ण होणें म्हणतात तें एवढेंच: जेथून निघालों तेथें परत येणें. आम्हीहि तिच्या परवानगीनें एकदां आलों.

जो शब्द आम्हीं इयत्ता पांचवींत पाठ केला आणि साठाव्या वर्षीं विसरलों, तो आमच्या मातोश्रींना कोणीं शिकविला नव्हता. त्यांच्या गांवीं तो जेवणाच्या वेळेसारखा रोजचा होता. वारा किती आहे हें आम्हीं बरोबर पाहिलें. तो कोठें चालला आहे हें पाहिलें नाहीं. मंद वारा हा नवशिक्याचा उत्तम गुरु आहे, ह्यांत शंका नाहीं; पण तोच वारा जमिनीकडून वाहूं लागला कीं तितक्याच सौम्यपणें माणसाला दूर नेतो, आणि सौम्यपणामुळेंच तें लवकर कळत नाहीं.

म्हणून ज्या घरांतील मुलें-मुली ह्या खेळास जाणार असतील त्यांनीं कांहीं गोष्टी पक्क्या ठरवाव्या. जून ते सप्टेंबर समुद्राचें नांव काढूं नये. ऑक्टोबर उलटून समुद्र शांत झाला म्हणजे जावें. पोहतां येणें आवश्यक. परंतु पोहतां येतें म्हणून जाकीट काढूं नये. पाण्यांत उतरण्यापूर्वीं मूठभर कोरडी वाळू वर टाकून पाहावी: ती समुद्राकडे उडाली तर त्या दिवशीं फळी किनाऱ्यावरच राहूं द्यावी. भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्यावी. एकट्यानें कधींहि जाऊं नये. किनाऱ्यावर पाहणारें एक माणूस असावें, आणि त्या माणसाला हाक कोणाला मारावयाची तें अगोदर ठाऊक असावें. आणि कांहींहि झालें तरी फळी सोडूं नये.

एवढें पाळलें तर ह्या खेळाइतका निरोगी व स्वस्थ आनंद दुसरा विरळा. त्याला वयाची अट नाहीं, बळाची नाहीं. असो. येत्या हिंवाळ्यांत आमच्या पुतणीचा धाकटा भाऊहि येणार म्हणतो. सोबतीला आम्हीच आहों. मात्र ह्या खेपेस त्या दोघांनीं आमच्याकडे लक्ष ठेवावें असें घरांत ठरलें आहे.